तिसरा कॉलम

टिपण एका ओळीचं होतं. पान चौसष्ट, ओळ एकोणीस: 'काच्ती' नव्हे, 'कात्ची' वाचा. बुरुलने ते वाचलं, चष्मा काढून स्वेटरच्या कडेला पुसला आणि पुन्हा वाचलं. सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर समोरची इमारत अजून धुरातून पुरती वर आली नव्हती. डिसेंबरात बिश्केकचं हे असंच असतं. घरोघरी कोळसा जळतो आणि दुपारपर्यंत शहर खोकत राहतं. चहा निवत होता. तिला एकदम वाटलं, मानेमागे कुणीतरी उभं आहे. इतकं वाटलं की तिने वळून पाहिलं. मागे फ्रिज होता आणि फ्रिजवर कझानला राहणाऱ्या मुलाचा आणि नातींचा फोटो. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. या घरात तिच्या मागे उभं राहील असं आता कुणी नव्हतं.

'कात्ची' म्हणजे सेक्रेटरी. 'काच्ती' म्हणजे पळाला. मधल्या दोन अक्षरांनी जागा बदलली की एकाचं दुसरं होतं. दुसऱ्या कुणाला ही साधी चूक वाटली असती, हसून दुरुस्त केली असती.  पण ही चूक आपण राहू दिलेलीच नाही, अशी बुरुलची खात्री होती. आणि ही चूक कुणीतरी तिला दाखवण्यासाठी तिथे ठेवली आहे, अशीही तिची खात्री होऊ लागली होती.

दोन वर्षांपासून ती हे काम करत होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काही मंडळींनी एक डिजिटल ग्रंथालय चालवलं होतं. जुनी किरगीझ पुस्तकं पानापानाने यंत्राखाली धरायची, यंत्र त्या चित्रांतून अक्षरं उचलणार, आणि मग ती अक्षरं संगणकाचा आवाज मोठ्याने वाचून दाखवणार. पण यंत्र चुकतं. म्हणून कुणीतरी बसून डाव्या बाजूला पानाचं चित्र आणि उजव्या बाजूला यंत्राने उचललेला मजकूर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. पैसे मिळत नाहीत. बुरुलने तीस वर्षं वर्तमानपत्राच्या प्रूफखोलीत काढली आहेत हे कळल्यावर ग्रंथालय सांभाळणारी चिनारा स्वतः पाच जिने चढून तिच्याकडे आली होती. तेव्हा बुरुलला वाटलं होतं की कुणीतरी आपल्याला पुन्हा कामावर बोलावलं. यंत्राचे डोळे रशियन होते. किरगीझमध्ये जी तीन अक्षरं जास्तीची आहेत ती त्याला दिसतच नसत. अक्षराच्या पोटातली एक आडवी रेघ ते गिळून टाकी, आणि 'तळं' या शब्दाचा 'हात' होई. माणूस हाताच्या काठावर घोड्याला पाणी पाजायला नेई. बुरुलला ह्या चुका मनापासून आवडत. त्या कुणी मुद्दाम केलेल्या नसतात. यंत्राच्या पोटात पाप नसतं.

म्हणूनच तर. यंत्र रेघ गिळतं, शेपूट तोडतं, दोन अक्षरांचं एक करतं. पण शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल ते करत नाही. ती करतात बोटं. कुणाचीतरी बोटं त्या ओळीवर फिरली होती. आणि ते टिपण! तिने तपासलेलं पुस्तक पुढे दुसऱ्या वाचनाला जाई. दुसरं वाचन कोण करतं हे तिने कधी विचारलं नव्हतं, टिपणांखाली नाव नसे. 'अमुक नव्हे, तमुक वाचा.' अशी भाषा आता कोण वापरतं? चिनारासारखी मुलं खूण करतात, रंग लावतात. 'नव्हे' आणि 'वाचा' ही त्यांच्या प्रूफखोलीची भाषा होती. त्या खोलीत पाच जण होते. दोघं वारले, एक बाई जर्मनीला मुलाकडे गेली. उरली स्वतः ती. आणि उरली तुर्सुनाय.

तुर्सुनायचं नाव तिने मनातसुद्धा फारसं घेतलेलं नव्हतं. नाव घेतलं की ती खोली येई: उत्तरेकडची, दिवसाही दिवा लावावा लागे अशी, ओल्या कागदाचा आणि शाईचा वास, खालच्या मजल्यावर यंत्रं सुरू झाली की टेबलावर थरथरणारे चहाचे पेले. तेव्हा शहराचं नाव फ्रुंझे होतं. बुरुल पंचवीस वर्षांची, नवी, लग्नाला वर्ष झालेलं. तुर्सुनाय तिशीची, हाताखाली घेऊन शिकवणारी. "डोळ्यांनी नको वाचूस," ती सांगायची, "डोळे लबाड असतात, त्यांना जे हवं ते बघतात. मनातल्या मनात मोठ्याने वाच." तिला चार वर्षांची मुलगी होती आणि ती सारखी आजारी पडे. मग तुर्सुनाय लवकर निघे आणि तिचं राहिलेलं काम बुरुल करी. साहेबांना कळू नये म्हणून तपासलेल्या कॉलमखाली सही मात्र तुर्सुनायच्या नावाची ठोकी. उलटही होई. बुरुल नवऱ्याबरोबर सिनेमाला गेली की तिच्या नावाची सही तुर्सुनाय करी. दोघींना एकमेकींची सही इतकी जमली होती की कुणाची कोणती हे त्यांनाच सांगता आलं नसतं.

त्या मंगळवारी दुपारी पाळणाघरातून निरोप आला की मुलीला ताप चढला आहे. पहिल्या पानाचे चार कॉलम होते. तुर्सुनायने दोन वाचले, कोट अंगात घालत म्हणाली, उरलेले बघ गं, आणि पळत जिना उतरली. बुरुलकडे दोन कॉलम राहिले. चौथा तिने वाचला. तिसरा? तिसऱ्यात भाषण होतं, पक्षाचे जिल्ह्यातले पहिले सेक्रेटरी मेंढपाळांना भेटायला डोंगरावर गेले होते त्याचा वृत्तान्त. तसली भाषणं दर आठवड्याला येत, शब्दसुद्धा तेच. खालून पान मागायला माणूस आला होता. बुरुलने तिसऱ्या कॉलमवरून नजर फिरवली, नाही, फिरवलीसुद्धा नाही, आणि खाली तुर्सुनायची सही केली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहराने 'कात्ची'च्या जागी 'काच्ती' वाचलं: मेंढपाळांचं बोलणं ऐकून पहिले पळाले. दोन दिवस लोक दारं लावून हसले. तिसऱ्या दिवशी चौकशी बसली.

चौकशीत तीन पुरुष होते आणि मध्ये टेबलावर ते पान. सही तुर्सुनायची होती. मधल्याने बुरुलला विचारलं, त्या दिवशी या किती कॉलम वाचून गेल्या? बुरुलचं नाव तेव्हा सरकारी घरांच्या यादीत होतं. वसंतात खोली मिळणार होती. नवरा, सासू, दीर, सगळे एका खोलीत. ती म्हणाली, तीन. तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो आकडा केवढा सोपा होता. तुर्सुनाय वळली आणि तिने बुरुलकडे पाहिलं. भुवया जरा जवळ आलेल्या, ओठ मिटलेले.  मग टेबलाकडे वळून म्हणाली, असेल, माझं लक्ष मुलीकडे होतं. तिला काढून टाकलं. ती नजर बुरुलने चाळीस वर्षं बरोबर वागवली होती. ती नजर सांगत होती: मला माहीत आहे, पण मी तुला वाचवते आहे, लक्षात ठेव.

आणि आता, चाळीस वर्षांनी, पान चौसष्ट.

बुरुलने संगणक मिटला, भाजी आणायला खाली गेली आणि भाजी न आणता परत आली. तिला सगळं जुळताना दिसू लागलं. पुस्तक कुणी पाठवलं होतं तिच्याकडे? एका गुरांच्या डॉक्टरच्या आठवणी, साध्या, निरुपद्रवी. पण त्यात सेक्रेटरी होता, डोंगर होता, मेंढपाळ होते. हे पुस्तक तिलाच का? मागच्या टिपणांकडे ती आता वेगळ्या नजरेने पाहू लागली. 'शेवट घाईने तपासलेला वाटतो.' हे तेव्हा तिला सूचना वाटली होती. 'बारीक चुका नाहीत, मोठी एक आहे.' हे काय होतं? हे पुस्तकाबद्दल होतं? ती एकेक टिपण उघडून वाचत गेली, आणि प्रत्येकामागे तिला ते मिटलेले ओठ दिसले.

मग तिने एक गोष्ट केली. डॉक्टरच्या आठवणींचा दुसरा भाग तिच्याकडे आला होता. तो तिने नेहमीपेक्षा दुप्पट काळजीने तपासला, दोनदा, मनातल्या मनात मोठ्याने. आणि नव्वदाव्या पानावर एका ओळीत स्वतःच्या हाताने चूक घातली. 'तिने हात पुढे केला' होतं, तिथे तिने रेघ घालून 'तळं पुढे केलं' असं करून टाकलं. तिचा हिशेब असा होता: दुसऱ्या वाचनात ही एकच चूक यायला हवी. याखेरीज एकही आली, तर ती तिकडे कुणीतरी घातली हे उघड होईल. तिने बटण दाबलं. आयुष्यात तिने कितीतरी चुका राहू दिल्या असतील. पेरली कधी नव्हती. हे पुस्तक कुणीतरी अंधारात बसून ऐकणार होतं. त्या बाईने पुढे काय केलं, हात की तळं, हे त्याला दुसरीकडून कळायची सोय नव्हती. तिने तो विचार बाजूला सारला.

चार दिवसांनी उत्तर आलं. एकच चूक, पान नव्वद. 'तळं नव्हे, हात वाचा.' दुसरी कुठलीही नाही. बुरुलची सुटका व्हायला हवी होती. पण खाली आणखी एक ओळ होती, चिनारासाठी लिहिलेली, चुकून तिच्याकडे आलेली: 'ही चूक यंत्राचीही नाही आणि डोळ्यांचीही नाही. पहिली वाचक कशाने तरी त्रासलेली दिसते. तिला काही दिवस काम देऊ नका, विश्रांती घेऊ द्या.' ती ओळ वाचून बुरुलच्या अंगाची लाही लाही झाली. ओळखलं होतं तुर्सुनायने. सापळा ओळखला होता आणि वर दया दाखवत होती. काम देऊ नका, म्हणजे काढून टाका. हेच तर हवं होतं तिला.

ती बस पकडून ग्रंथालयात गेली. ग्रंथालय म्हणजे एका शाळेच्या मागच्या दोन खोल्या. चिनारा हेडफोन लावून बसली होती. बुरुलचा चेहरा पाहून तिने तो काढला आणि चहा ओतायला उठली. बुरुल बसली नाही. आपल्या तपासलेल्या फायलींत मागाहून कुणीतरी हात घालतं आहे, असं ती उभ्याउभ्याच म्हणाली. चिनाराने वाद घातला नाही. तिने चौसष्टावं पान उघडलं आणि कोणती ओळ कधी कुणी लिहिली याची यंत्राने ठेवलेली नोंद दाखवली. एकोणिसावी ओळ बुरुलच्या खात्यातून, बुरुलच्या घरून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी लिहिली गेली होती. बुरुल म्हणाली की यंत्राला काय, जे शिकवाल ते सांगेल. तेव्हा चिनाराने शेजारी पानाचं चित्र मोठं केलं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर कशाचा तरी जुना डाग होता, चहाचा असेल. यंत्राला त्यातलं काही उचलता आलं नव्हतं. त्या आठ ओळी कुणीतरी डोळे ताणून, अक्षर अक्षर लावून हाताने लिहिल्या होत्या. आणि बुरुलला आठवलं. तो डाग आठवला, त्याचा मधाच्या रंगाचा काठ आठवला, मान दुखली होती तेही. तिनेच लिहिल्या होत्या. तिच्याच बोटांनी.

ती खुर्चीवर बसली. पण संशयाला एकदा घर मिळालं की भाडेकरू इतक्या लवकर निघत नाही. चूक तिची असेल. पण ती नेमकी पकडणारी, तीच भाषा वापरणारी, ती कोण? तिने नाव विचारलं. नावं सांगत नाही आम्ही, असं चिनारा म्हणणार होती, पण तिने बुरुलकडे पाहिलं आणि विचार बदलला.

"तुर्सुनाय एजे," ती म्हणाली, थोरल्या बहिणीचं नाव आदराने घ्यावं तसं. "तुम्ही ओळखत असाल, वर्तमानपत्रात होत्या त्याही. त्यांना दिसत नाही ना, म्हणून त्या ऐकून तपासतात. कितीदा विचारतात मला, ही पहिली वाचक कोण गं, इतकं स्वच्छ काम कुणी करत नाही."

बुरुलने एवढंच ऐकलं: दिसत नाही. तिने विचारलं, कधीपासून. चिनाराला ठाऊक नव्हतं. काचबिंदू म्हणे, फार वर्षं झाली. म्हणजे ती नजर राहिली नव्हती. बुरुल चाळीस वर्षं जिला घाबरत होती ती नजर या जगात नव्हतीच. मग दुसरा विचार आला, पहिल्याहून वाईट: दिसत नाही म्हणूनच तर तिला बाकी सगळं ऐकू येतं. इतकं स्वच्छ काम, असं म्हणते. ती कुणाला टोमणा मारते आहे?

शनिवारी दुपारी बुरुल गेली. जाऊन काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. मोकळ्या हाताने जायचं नाही म्हणून सकाळी कणकेचे बोर्सोक तळले, वाटेत किलोभर पिकलेली हुर्माची फळं घेतली, केशरी, हात लागला तरी फुटतील अशी. रेल्वेच्या पलीकडची ती बैठी घरं, निळ्या खिडक्या, अंगणात कोळशाचा ढीग आणि त्यावर बर्फ. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. काय हवंय तुम्हाला माझ्याकडून? हे एक. दुसरं, मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. दार वाजवल्यावर आतून बिनधास्त पावलं आली, काठी नाही, चाचपडणं नाही. दारात एक ठेंगणी, गोल, पांढरा रुमाल बांधलेली म्हातारी उभी राहिली आणि बुरुलच्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी पाहत हसली. बुरुलने नाव सांगितलं.

"बुरुल?" म्हातारी म्हणाली. "आपल्या प्रूफखोलीतली? ती सिनेमाला पळणारी?" आणि तिने दोन्ही हात पुढे करून बुरुलला जवळ ओढलं, गालाला गाल लावला, कोटावरून, केसांवरून हात फिरवला, बारीक झालीस गं म्हणाली.

बुरुलचा त्यावर विश्वास बसला नाही. इतका आनंद कुणाला होतो? तिला आत नेऊन बसवलं गेलं. टेबलावर नान होता, साय होती, जर्दाळूचा मुरंबा होता. तुर्सुनायने किटली शेगडीवरून उचलली, बोट पेल्याच्या काठावर ठेवून चहा ओतला, थेंब सांडला नाही. बुरुल तिचे हात पाहत राहिली, चेहरा पाहायचं टाळत. चेहरा पाहिला तरी चालण्यासारखं होतं, समोरून कुणी पाहणार नव्हतं, तरी टाळत. कोपऱ्यात संगणक होता. त्याचा एकसुरी आवाज काहीतरी भराभर वाचत होता, इतक्या वेगाने की बुरुलला शब्द लागेनात. तुर्सुनायने तो बंद केला. पहिली वाचक आपणच, हे बुरुलने मग सांगितलं. पत्त्यातलं पान टाकावं तसं, समोरची काय टाकते पाहायला.

तुर्सुनाय पोट धरून हसू लागली. "म्हणजे काच्ती तूच केलंस? बाई गं. ऐकलं तेव्हा मी यंत्र थांबवून तीनदा ऐकलं. म्हटलं, बघा, दुसऱ्या कुणाचीही होते ही चूक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं."

बुरुलने विचारलं, हलकं कशाने. 

मग तुर्सुनाय सांगत गेली, तक्रार म्हणून नव्हे, जुन्या गमतीजमती सांगाव्यात तशी. त्या पानानंतर तिला प्रूफखोलीत कुणी घेतलं नाही. पाळणाघरात भांडी घासायला लागली. तिथेही वेंधळेपणा संपेना. पेले फुटायचे, टेबलाच्या काठावरचं काही धड राहायचं नाही, दाराच्या चौकटीवर खांदा आपटायचा, जिन्याची शेवटची पायरी चुकायची. घरात हसायचे. नवरा म्हणायचा, आमची बाई पायाखालचा उंटसुद्धा तुडवून जाईल. लेक लहानपणापासून तेच ऐकत मोठी झाली. "आणि मला त्याचं नवल वाटायचं नाही," ती म्हणाली. "माझं लक्ष नसतं हे मला त्या तिसऱ्या कॉलमपासून ठाऊकच होतं. त्या दिवशी तू तीन म्हणालीस, तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, आठवतं? मला तो कॉलम आठवतच नव्हता गं. एक शब्द आठवत नव्हता. डोळ्यांखालून अख्खा कॉलम गेला आणि आठवतसुद्धा नाही, म्हटलं, म्हणजे आपण अशाच. मग पुढे जे जे सांडलं, फुटलं, ते त्याच खात्यात. डॉक्टरकडे गेले तेव्हा बारा वर्षं झाली होती. ती बाई म्हणाली, काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते, लवकर आला असता तर थांबवलं असतं. आला का नाहीत? मी काय सांगणार? म्हटलं, मला वाटलं मी वेंधळी आहे."

बाहेर मालगाडी जात होती. पेल्यांतला चहा थरथरला आणि थांबला. बुरुलच्या मनात वाटभर जुळवलेली वाक्यं एकेक करून विझत गेली. ती नजर. ती नजर तिला काही सांगत नव्हती. ती शोधत होती. एक बाई आपल्याच आठवणीत एक कॉलम शोधत होती, जो तिथे नव्हताच. चाळीस वर्षं बुरुलने ते चुकीचं वाचलं होतं. आता उठून जाता आलं असतं. बोर्सोक ठेवले, हुर्मा ठेवली, पुन्हा येते एजे, असं म्हणता आलं असतं. समोरच्या बाईला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ती हसत होती.

"एजे," बुरुल म्हणाली, "तुम्ही दोनच कॉलम वाचले होते."

तुर्सुनाय मुरंब्याची वाटी तिच्याकडे सरकवत होती. हात वाटीवरच राहिला.

"तिसरा माझ्याकडे होता. चौकशीत मी खोटं सांगितलं. मला घर मिळणार होतं."

"तू वाचला होतास तो?"

"नाही. वाचला नाही. खाली तुमची सही केली."

 तुर्सुनायचा चेहरा फारसा बदलला नाही. फक्त डोळे, जे इतका वेळ बुरुलच्या खांद्यावर कुठेतरी होते, ते टेबलाकडे वळले, जणू तिथे पान पसरलेलं होतं.  मग ती म्हणाली, परत सांग. बुरुलने परत सांगितलं. तिने विचारलं, पान मागायला कोण आलं होतं, किती वाजले होते, पेन्सिल कोणत्या रंगाची होती. बुरुलने आठवेल तसं सांगितलं, नाही आठवलं तिथे नाही म्हणाली. साक्षीदारासारखी ती प्रश्नामागून प्रश्न विचारत होती आणि बुरुल उत्तरं देत होती, आणि तिला कळत होतं की ही बाई आपल्याला शिक्षा करत नाहीये. ती चाळीस वर्षांचं प्रूफ पहिल्या ओळीपासून तपासते आहे. दाराची चौकट. जिन्याची पायरी. पाळणाघरातले पेले. प्रत्येक ठिकाणी थांबून तिला शब्द बदलावा लागत होता. बुरुल म्हणाली, मला माफ करा.  ते तुर्सुनायने ऐकलं की नाही ते कळलं नाही.

"पेरिजात पाच वाजता येते," तुर्सुनाय शेवटी म्हणाली. "माझी मुलगी. ती येईपर्यंत बस. तिच्यासमोर सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल म्हातारी मनाचं सांगते."

घड्याळात तीन पस्तीस झाले होते.  तुर्सुनाय खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली, हात मांडीवर. बुरुल टेबलापाशी राहिली. दार नुसतं लोटलेलं होतं; ते तिला जागेवरून दिसत होतं, फटीतून येणारी गार हवा घोट्यांना लागत होती. शेगडीतला कोळसा बसत गेला. एकदा ती उठली, कोळसा घातला आणि परत येऊन बसली. आता कुणी मागे उभं आहे असं तिला वाटत नव्हतं. मागे कुणी नव्हतं. जे होतं ते समोर होतं, पांढऱ्या रुमालात, श्वास घेताना दिसत होतं. पेला उचलताना बुरुलच्या हातून तो कलंडला आणि चहा टेबलावर पसरला, कडेवरून खाली टपकला. तुर्सुनायने मान त्या आवाजाकडे वळवली, पण पुसायला उठली नाही.

पाचला दहा मिनिटं असताना अंगणात पावलं वाजली. पंचेचाळिशीची, उंच, थकलेली बाई बूट झटकत आत आली, पाहुण्यांना पाहून हसली, सलाम केला, आणि हातातल्या पिशव्या ठेवता ठेवता तिची नजर टेबलावर गेली. "आई, परत सांडलंस होय," ती सहज म्हणाली, वर्षानुवर्षं म्हणत आल्यासारखी, आणि फडकं घ्यायला वळली.

"मी सांडलं," बुरुल म्हणाली.

पेरिजात ओशाळली, असू दे म्हणाली. तुर्सुनायने खिडकीपाशी बसल्या जागेवरून सांगितलं की फडकं राहू दे, कोट काढ आणि इथे बस, ही बाई काय सांगते ते ऐक. पेरिजातने एकदा आईकडे आणि एकदा बुरुलकडे पाहिलं. मग ती कोट न काढताच समोरच्या खुर्चीच्या टोकाला बसली. वाईट बातमी ऐकायला बसतात तशी. तिच्या भुवया जरा जवळ आल्या. ओठ मिटले. बुरुलने यावेळी नजर वळवली नाही.

"तुला ताप आला होता," ती म्हणाली. "तू चार वर्षांची होतीस."